मीठ चमच्यानं मोजा, पाणी बाटलीनं

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. पंप अशक्त झालेला असतो. मूत्रपिंडाकडे रक्त पुरेशा जोरानं पोचत नाही, त्याला वाटतं शरीरात पाणीच कमी पडलंय, म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. तेच पाणी पुढं घोट्यात, पोटात आणि फुफ्फुसात साचतं. यावरचे बरेच प्रश्न सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेत आणि बहुतेकांचं गाडं 'किती?' या एकाच शब्दाशी अडलंय. त्यातले सात निवडलेत.

प्रश्न : आबा ६४ वर्षांचे. महिन्यापूर्वी दम लागून ॲडमिट होते, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त पुढं ढकलतं तो आकडा) ३० टक्के निघालं. डिस्चार्ज कार्डावर 'मीठ कमी' एवढंच लिहिलंय. तेव्हापासून आई सगळंच अळणी करते आणि आबा अर्ध्या भाकरीवर उठतात. कमी म्हणजे नक्की किती? (कराड तालुका)

आईंना आधी हे सांगा, की पार अळणी करायची गरज नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम, ही बहुतेकांसाठी चालणारी मर्यादा आहे. त्याहून खाली ओढून काय मिळतं, हे सहा देशांतल्या ८०६ रुग्णांवर तपासलं गेलं. त्याचा निकाल २०२२ साली आला. सोडियम १५०० मिलिग्रॅमच्या खाली आणायचा प्रयत्न केलेल्यांत मृत्यू किंवा दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत, रोजचं जगणं थोडं सुसह्य झालं इतकंच. उलट अर्ध्या भाकरीवर उठणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांत मांडीचं, दंडाचं मांस गमावतो. या आजारात ते परवडत नाही. त्यात आणखी एक फसवणूक होते. मांस घटतं, पाणी वाढतं, काटा मात्र जागचा हलत नाही आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक चाललंय.

आता ५ ग्रॅम मोजायचे कसे? घरातले चमचे धरू नका, प्रत्येकाचा खोलगटपणा वेगळा. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा ५ मिलीचा प्लॅस्टिकचा चमचा घ्या. बारीक मीठ त्यात सपाट भरलं, वरून सुरीच्या पाठीनं सारखं केलं, की साधारण ६ ग्रॅम होतं. २.५ मिलीच्या खुणेपर्यंत ३ ग्रॅम. आबांसाठी रोज सकाळी हा अर्धा चमचा, म्हणजे पूर्ण ३ ग्रॅम मीठ, कुंकवाच्या करंड्याएवढ्या डबीत काढून ठेवा. दिवसभराची भाजी, आमटी, कोशिंबीर या सगळ्याला मीठ याच डबीतून. उरलेल्या दोन ग्रॅमांपैकी एक दूध, धान्य, पालेभाज्या यांतून आपोआप जातो. दुसरा चटणी-मसाल्याच्या खात्यात धरा. रात्री डबीत चिमूटभर उरलं तर ते उद्याच्या हिशेबात ढकलू नका. खडे मीठ मोजत असाल तर खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे चमच्यात वजन कमी भरतं. मोजायला बारीकच घ्या.

वरण कुकरला लावतानाच हळद-मीठ टाकायची सवय असेल तर मीठ तेवढं मागं ठेवा. भाजी-आमटी शिजली की आबांची वाटी आधी काढून घ्या आणि त्यांचं मीठ वाटीत वरून घाला. रटरटून शिजलेल्या मिठापेक्षा वरून पडलेलं मीठ जिभेला जास्त लागतं, म्हणून थोडक्यात भागतं. बाकी चव चिंच, लिंबू, लसूण, भाजलेलं जिरं, ओवा, कोथिंबीर, दाण्याचं कूट यांवर उचलायची. कारळ्याची आणि जवसाची चटणी बिनमिठाचीही बरी लागते, लसूण मात्र सढळ हवा. पहिले काही आठवडे कुरकूर होईल, मग जीभ वळते. भाकरी ही आपल्याकडची मोठी सोय आहे, कारण ज्वारीच्या पिठात मीठ पडतच नाही. पोळीच्या कणकेत आणि भातात पडतं, ते थांबवा.

हिशेब चुकतो तो बहुतेक कांदा-लसूण मसाल्यात. वर्षाचा मसाला टिकावा म्हणून डंकावर नेतानाच त्यात मीठ असतं आणि भाजीत तो घातल्यावर सवयीनं पुन्हा मीठ पडतं. समजा तुमच्या घरच्या मसाल्यात १०० ग्रॅमला १० ग्रॅम मीठ आहे. मग भाकरीवर तेल घालून खाल्लेल्या दोन चमचे चटणीतून, म्हणजे १० ग्रॅमातून, एक ग्रॅम मीठ गेलं. मसाल्याचं खातं तिथंच संपलं. उन्हाळ्यात मसाला कराल तेव्हा किलोभर बिनमिठाचा वेगळा कुटून घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर त्याला बुरशी धरते. तव्यावर तांब्यानं रगडलेला खर्डा याहून खारट, कारण मिरची रगडायला खडे मीठच लागतं. आंब्याच्या लोणच्यात दहा टक्के किंवा जास्तच मीठ असतं, १५ ग्रॅमची एक फोड म्हणजे दीड ग्रॅम. सुकट आणि खारा मासा तर यादीतूनच काढा.

घरात एकूण किती मीठ उडतं ते बघायचं असेल तर एक किलोच्या नव्या पुडीवर फोडल्याची तारीख टाका. चार मोठी माणसं असतील तर माणशी ५ ग्रॅमनं ती ५० दिवस पुरायला हवी. पंचविसाव्या दिवशी संपली, तर सगळं घरच दुप्पट खातंय.

प्रश्न : साध्या मिठाऐवजी सैंधव किंवा बाजारातलं 'लो सोडियम' मीठ दिलं तर प्रमाणाची काळजी राहणार नाही ना? (विटा)

राहील. सैंधव, शेंदेलोण, गुलाबी मीठ, पादेलोण या सगळ्यांचा मोठा भाग सोडियम क्लोराईडच असतो. रंग आणि वास बदलतो, हृदयाला फरक पडत नाही. शिवाय त्यांत सहसा आयोडीन घातलेलं नसतं.

'लो सोडियम' मिठाचं प्रकरण मात्र गंभीर आहे. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला ते चालतं, रक्तदाबाला उपयोगीही पडतं. पण हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या गोळ्यांत बहुधा स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन असते, जोडीला रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन. या सगळ्या पोटॅशियम शरीरात थोपवतात. वरून मिठातून आणखी पोटॅशियम गेलं तर रक्तातली पातळी ५.५ च्या पुढं जाऊ शकते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्याआधी काही जाणवेलच असं नाही, रक्त तपासल्यावरच कळतं. म्हणून डॉक्टरांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) बघून हो म्हटल्याशिवाय ती पुडी घरात आणू नका. रोजच्या शहाळ्यालाही हेच लागू. एका शहाळ्यातून सहाशे-सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज जातं आणि आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा तेच घेऊन येतो.

प्रश्न : मला दिवसाला दीड लिटर पाणी सांगितलंय. चहा, ताक, आमटी धरायची का? एप्रिल-मेमध्ये द्राक्षबागेत खरड छाटणीला उभं राहावं लागतं, घसा कोरडा पडतो. दीड लिटरात कसं भागवायचं? (मिरज तालुका)

आधी एक खुलासा. दीड लिटर हा आकडा प्रत्येक रुग्णाला जन्मभरासाठी नसतो. अंगावर सूज आहे, आजार पुढच्या टप्प्याला आहे किंवा रक्तातलं सोडियम उतरलंय, अशांना दीड ते दोन लिटरची मर्यादा घालतात. प्रकृती स्थिर असलेल्यांना ती कितपत लागते, याचा अभ्यास नेदरलँड्समध्ये ५०४ रुग्णांवर झाला. त्याचा निकाल २०२५ मध्ये आला. एका गटाला दीड लिटरची मर्यादा होती, दुसऱ्याला तहानेप्रमाणे प्यायची मुभा. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या तब्येतीत ठळक फरक दिसला नाही, मर्यादा असलेल्यांना तहानेचा त्रास मात्र जास्त झाला. मुभा मिळालेलेही सरासरी पावणेदोन लिटरच्या आसपासच प्याले होते, हे विसरू नका. 'मोकळीक' म्हणजे तांब्यामागून तांब्या नव्हे. आणि तो देश थंड. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सरळ विचारा, "माझी सूज उतरलीय, दीड लिटर अजून ठेवायचं का? बागेत काम असेल त्या दिवशी किती?" वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघून ते आकडा ठरवतील. तोवर सांगितलेला आकडा पाळा.

धरायचं काय? ओतता येईल ते सगळं. पाणी, चहा, दूध, ताक, सरबत, उसाचा रस, आमटीचं पातळ, तांबडा-पांढरा रस्सा, खीर, बर्फ, आईस्क्रीम, गोळ्या घेताना प्यालेलं पाणी. पोळी, भाकरी, भात, सुकी भाजी यांतलं पाणी मोजू नका. एखाद-दुसरं फळही सोडून द्या, पण परातभर कलिंगड खाल्लं तर ते जवळजवळ पाणीच आहे, धरावं लागेल.

लिहून ठेवणं चार दिवस टिकतं. त्यापेक्षा बाटलीची पद्धत बरी. सकाळी दीड लिटरची बाटली काठोकाठ भरा. ही दिवसाची तिजोरी. पाणी प्यायचं ते हिच्यातूनच. चहा घेतला, की त्याच कपानं कपभर पाणी बाटलीतून माठात परत ओता. वाटीभर ताक झालं, वाटीभर ओता. संध्याकाळी बाटलीत जे दिसेल तेवढंच उरलंय. एकदा घरातला पेला, कप आणि आमटीची वाटी औषधाच्या मापानं मोजून घ्या. कप १०० मिलीचा समजतात आणि तो १६० चा निघतो. असे चार कप म्हणजे रोज पाव लिटरची चूक. वाटणी करताना दुपारी चारपर्यंत दोन तृतीयांश संपवा, रात्री उठणं कमी होईल.

घसा कोरडा पडतो त्यातला बराच भाग तहान नसतोच. तोंडानं श्वास घेणं, तंबाखू, मिश्री, वाढलेली साखर आणि आदल्या जेवणातलं मीठ, ही कारणं आधी बघा. मधुमेह असेल आणि साखर अडीचशेच्या घरात असेल तर तहान लागणारच, तिथं बाटलीचा इलाज चालत नाही. गार पाण्यानं खळखळून चूळ भरून टाकणं, लवंग किंवा वेलदोडा चघळणं, लिंबाची फोड जिभेला लावणं, पेल्याऐवजी छोट्या वाटीनं घोट घोट पिणं याचा उपयोग होतो. बर्फाचा खडा चांगला, फक्त एक खडा १५-२० मिली धरा.

उन्हाबद्दल. छाटणीचं काम सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर घ्या, डोक्याला ओलं उपरणं बांधा. घामानं वजन नेहमीपेक्षा दीड-दोन किलो उतरलं, उठताना अंधारी आली, लघवी थोडी आणि गडद झाली, तर अंग सुकलंय असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी पाणी काढायची गोळी कमी करावी लागू शकते. दवाखान्याच्या धाकानं पाणी तोडून बसलेले रुग्णही मूत्रपिंडावर ताण घेऊन येतात. ताकद यावी म्हणून इलेक्ट्रॉलची, म्हणजे ओआरएसची, पुडी मात्र मनानं घेऊ नका. एक लिटर ओआरएसमधून जवळपास साडेचार ग्रॅम मिठाइतकं सोडियम जातं, तुमचा दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा त्या एका लिटरात. जुलाब-उलट्या असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा ओआरएस लागतं, पण घोटाघोटानं आणि डॉक्टरांशी बोलून. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या त्या दिवसांत थांबवायच्या का, तेही त्याच फोनवर विचारा.

प्रश्न : आईच्या रिपोर्टमध्ये सोडियम १२७ आलं. शेजारचे म्हणतात, मीठ तोडल्यामुळं झालं, थोडं वाढवा. वाढवू का? (फलटण)

नका वाढवू. नेहमीची पातळी १३५ ते १४५ असते, त्यामुळं १२७ म्हटल्यावर घाबरायला होतं हे खरं. पण आमटीत पाणी जास्त झालं की ती अळणी लागते. भांड्यात मीठ पूर्वीइतकंच असतं, वाढलेलं असतं पाणी. हार्ट फेल्युअरमध्ये बहुतेक वेळा हेच घडतं. शरीरात एकूण मीठ जास्तच असतं, पाणी त्याहून जास्त साठतं, म्हणून रक्तातला आकडा पातळ दिसतो. वरून मीठ दिलं की तहान वाढते, आई आणखी पाणी पिते आणि चार दिवसांत पाय सुजतात. इथं उपाय बहुधा पाणी कमी करण्याचा असतो, कधी लिटर-सव्वा लिटरपर्यंत. तो आकडा डॉक्टरांचा.

अपवाद आहे. मेटोलॅझोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड ही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, उलट्या-जुलाब होऊन गेले असतील, जीभ कोरडी आणि अंगावर सूज अजिबात नसेल, तर मीठ खरोखर बाहेर गेलेलं असू शकतं. तपासल्याशिवाय हा फरक घरी कळत नाही, म्हणून रिपोर्ट आजच दाखवा. आई असंबद्ध बोलायला लागली, सारखी झोपेत राहिली किंवा आकडी (फिट) आली तर १०८ ला फोन करा.

प्रश्न : जेवण झालं की पोट गच्च होतं म्हणून रोज फ्रूट सॉल्ट घेतो. संध्याकाळी मूठभर भडंग. बाकी पथ्य कडक आहे, तरी सूज हटत नाही. (सांगली शहर)

सापडलं की! फ्रूट सॉल्टची ५ ग्रॅमची पुडी म्हणजे मुख्यतः खायचा सोडा. तिच्यात ८०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असतं, दोन ग्रॅम मिठाएवढं. खारट लागत नाही म्हणून कुणी मोजत नाही. पापडखार, भज्यातला सोडा आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या याच जातीच्या.

भडंगाच्या पाकिटावर मागच्या बाजूला सोडियम छापलेलं असतं. समजा १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम आहे, तर ५० ग्रॅमातून ४५० गेले. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे इथं सव्वा ग्रॅमला थोडं कमी. घरी चुरमुरे लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे आणि बिनमिठाचं तिखट घालून परता. चुरमुऱ्यांतही मीठ असतं, दुकानात अळणी मागून घ्या.

पण तुमच्या पत्रातला महत्त्वाचा भाग पोट गच्च होण्याचा आहे. यकृतात आणि आतड्यांत पाणी साचलं की दोन घासांत पोट भरतं, फुगतं आणि माणूस त्याला गॅस म्हणतो. पाय-पोट दाखवून या. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा असेक्लोफेनॅक घेत असाल तर तेही सांगा, कारण या गोळ्या मीठ-पाणी अडवून धरतात आणि सगळं पथ्य वाया घालवतात.

प्रश्न : रोज वजन करा म्हणतात. किती वाढलं की कळवायचं? आणि एसटीनं लांब जायचं असलं की पाण्याची गोळी चुकवावी लागते, त्याचं काय? (वाई)

सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, रोज तशाच कपड्यांत वजन करा. डिजिटल काटा एकाच सपाट फरशीवर ठेवायचा. सतरंजीवर किंवा शहाबादीच्या सांध्यावर ठेवला तर किलोभर इकडं-तिकडं दाखवतो. आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहा, वेगळी वही हरवते. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ म्हणजे ते पाणीच, चरबी इतक्या लवकर चढत नाही. त्याच दिवशी कळवा. वजन तेवढं नसलं तरी उशा वाढवाव्या लागल्या, रात्री दमानं जाग आली, नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहिला, तरी कळवा. बसल्या जागी दम लागत असेल तर फोनवर वेळ न घालवता दवाखाना गाठा. दवाखान्यातून सुटताना सूज पूर्ण उतरल्यावरचं जे वजन असतं, ते तुमचं कोरडं वजन. ते लाल शाईनं लिहून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

गोळी चुकवू नका, सरकवा. फ्युरोसेमाइडचा, म्हणजे नेहमीच्या पाण्याच्या गोळीचा, जोर साधारण सहा तासांत ओसरतो. सकाळचा प्रवास असेल तर पोचल्यावर दुपारी घेतली तरी चालतं, फक्त रात्री घेऊ नका, झोपेचं खोबरं होतं. असा बदल चालेल का, हे एकदाच डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घ्या. लग्नसराईत लागोपाठ तीन दिवस गोळी चुकलेली आणि तिन्ही दिवस पंगतीत जेवलेला रुग्ण चौथ्या दिवशी ॲडमिट होतो, ही ठरलेली गोष्ट.

प्रश्न : साताऱ्याचे कंदी पेढे चालतील का? (प्रश्न वडिलांचा आहे, आमचा नाही.)

मिठाच्या हिशेबानं चालतील, खव्यातलं नैसर्गिक सोडियम असतं तेवढंच. मधुमेह नसेल तर एक द्या. असेल तर त्यांच्या साखरेचा ताजा रिपोर्ट बघून मगच बॉक्स उघडा. पेढ्यावर तांब्याभर पाणी प्यायची सवय असली तर ते बाटलीतून वजा करायला विसरू नका.